शेठ प्रेमचंद रायचंद : जमेची बाजू, नावेची बाजू

मुंबई नगरीच्या व्यापारी इतिहासात जैन समाजातील ज्या मोजक्या श्रेष्ठींची नावे अग्रक्रमाने घेतली जातात, त्यांत शेठ प्रेमचंद रायचंद यांचे नाव ठळकपणे तळपते. त्यांच्या दातृत्वाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले; त्यांच्या हिशेबाविषयी मात्र त्या मानाने थोडेच. वास्तविक वाणिज्य शाखेत नुकताच प्रवेश घेतलेल्या मुलामुलींना भांडवल, तारण, वायदा, ताळेबंद हे शब्द कोरड्या व्याख्यांतून शिकविले जातात आणि परीक्षा संपताच ते विस्मरणात जातात. या प्रत्येक शब्दाची खरी किंमत काय असते, हे प्रेमचंदांच्या जीवनात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

प्रेमचंदांचा जन्म १८३१ साली सुरत येथे झाला. वडील रायचंद दीपचंद हे व्यापारी. सुरतेचे वैभव ओसरून मुंबईचा उत्कर्ष होत होता, त्या काळात हे कुटुंब मुंबईस आले. प्रेमचंदांना इंग्रजी शिक्षणाची संधी मिळाली आणि तीच त्यांच्या भाग्योदयाची पहिली पायरी ठरली. रतनचंद लाला या दलालांच्या हाताखाली त्यांनी कामास आरंभ केला. त्या काळी शेअर आणि हुंडीचे व्यवहार युरोपीय बँका व पेढ्यांशी करावे लागत. इंग्रजी लिहिता, वाचता व बोलता येणारे पहिले हिंदी दलाल म्हणून प्रेमचंदांचा उल्लेख केला जातो.

दलाल आणि व्यापारी यांतील भेद येथेच ध्यानात घ्यावयास हवा. व्यापारी स्वतःच्या भांडवलाने माल घेतो. भाव उतरला तर तोटा त्याचा. दलाल घेणारा व देणारा यांची गाठ घालून देतो आणि आपली दलाली घेतो. भावाची जोखीम त्याच्या अंगावर येत नाही. दलाली हे उत्पन्न, माल हे भांडवल. तरुण प्रेमचंदांची पहिली कमाई ही अशी निर्धोक दलालीची होती. त्यांची स्मरणशक्ती एवढी विलक्षण होती की दिवसभराचे सौदे ते कागदावर न टिपता मनातच ठेवीत, असे सांगतात. ही गोष्ट कौतुकाची खरी. परंतु रोजमेळ त्याच दिवशी लिहून काढावा, हा वडीलधाऱ्यांनी घालून दिलेला नियम त्यामुळे खोटा ठरत नाही.

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा अमेरिकी कापूस बंद पडला. लँकेशायरची नजर हिंदुस्थानी कापसाकडे वळली आणि भाव कित्येक पटींनी वाढले. प्रेमचंद या व्यापारात अग्रभागी होते. युरोपशी तारेचा संबंध अद्याप जोडला गेला नव्हता. तो १८६५ मध्ये जोडला गेला. तोवर लिव्हरपूलचे भाव आगबोटीच्या टपालातूनच कळत. बोट धक्क्याला लागण्यापूर्वीच प्रेमचंद लहान होड्या समुद्रात पाठवून बातमी मिळवीत, अशी आख्यायिका आहे. युद्धाच्या त्या वर्षांत नेहमीच्या भावाहून अधिक म्हणून मुंबईस सुमारे ८ कोटी १० लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने ८१ कोटी रुपये मिळाल्याचा अंदाज इतिहासकार देतात.

एवढा पैसा ठेवायचा कोठे, हा प्रश्न होता. त्याचे उत्तर म्हणून नव्या बँका आणि कंपन्या निघू लागल्या. १८६५ च्या आरंभी मुंबईत ३१ बँका, १६ वित्तसंस्था आणि ८ जमीन कंपन्या होत्या. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेली बॅक बे रिक्लमेशन कंपनी हा त्यांतील शिरोमणी. या उलाढालीचे केंद्र होते प्रेमचंद. नव्या कंपनीचे शेअर कोणास किती मिळावेत हे पुष्कळदा त्यांच्या शब्दावर ठरे आणि त्यांच्या दाराशी सकाळपासून लोकांची रीघ लागे.

आता शेअर म्हणजे नेमके काय? कंपनीच्या भांडवलाचे समान भाग पाडले जातात. त्यांतील एक भाग म्हणजे शेअर. त्यावर छापलेली रक्कम ती दर्शनी किंमत. त्यांपैकी भागधारकाने प्रत्यक्ष आणून दिलेली रक्कम म्हणजे भरणा झालेले भांडवल. कंपनीच्या तिजोरीत एवढाच पैसा येतो. बाजारात त्याच शेअरला अधिक भाव आला तर वरची रक्कम विकणाऱ्याच्या खिशात जाते. कंपनीस त्यातून एक पैही मिळत नाही. बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. समुद्रात भर घालण्यासाठी कंपनीजवळ आले पाच हजार. लोकांनी मात्र पन्नास हजारांची जमीन तयार झाली असे मानले. या पंचेचाळीस हजारांच्या मागे माती नव्हती, दगड नव्हता, केवळ उद्या याहून अधिक भाव देणारा कोणीतरी भेटेल ही आशा होती.

घरच्या दुकानाचे उदाहरण घेतले तर हे अधिक उलगडेल. दोनशे रुपयांस घेतलेल्या तागड्याचा भाव दिवाळीस तीनशे झाला, तरी तो विकला जाईपर्यंत सुज्ञ व्यापारी वहीत दोनशेच धरतो. आणि भाव दीडशेवर आला तर मात्र विकण्यापूर्वीच दीडशे धरतो. खरेदीची किंमत व बाजारभाव यांत जी कमी ती धरावी, हा शिलकी मालाचा नियम पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या काही प्रकरणांतच येतो. विद्यार्थ्यांना तो अन्यायाचा वाटतो. तोटा लगेच धरायचा आणि नफा मात्र नाही, असे का? १८६४ सालच्या मुंबईने नेमके याच्या उलट केले. न विकलेल्या शेअरचा वाढीव भाव हा नफा समजून खर्च झाला आणि, त्याहून घातक म्हणजे, त्यावर कर्ज काढले गेले.

येथे तारण हा शब्द येतो. कर्ज फिटले नाही तर विकून वसूल करता यावे म्हणून धनकोकडे ठेवलेली वस्तू म्हणजे तारण. सोने तारण असेल तर ते कर्जदाराच्या भवितव्यावर अवलंबून नसते. शेअर तारण ठेवून त्या पैशाने आणखी शेअर घेतले, तर कर्ज, तारण आणि खरेदी ही तिन्ही एकाच भावावर उभी राहतात. समजा, एखाद्याने स्वतःचे दहा हजार घालून आणि चाळीस हजार कर्ज काढून पन्नास हजारांचा एक शेअर घेतला. त्याच्या ताळेबंदात डावीकडे भांडवल दहा हजार व देणे चाळीस हजार, उजवीकडे मालमत्ता पन्नास हजार. दोन्ही बाजू जुळल्या. भाव चाळीस हजारांवर आला की त्याचे स्वतःचे भांडवल संपले. तीस हजारांवर आला की तो दहा हजारांनी बुडाला. मालमत्तेचा आकडा बाजार बदलतो. देण्याचा आकडा मात्र जागचा हलत नाही, उलट व्याजाने वाढतोच. ताळेबंद शिकविताना हे एवढे एक वाक्य फळ्यावर लिहिले तरी पुरे व्हावे.

१८४० साली स्थापन झालेल्या बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचे भाग होते आणि सरकारनियुक्त संचालकही होते. अशी ही प्रतिष्ठित बँकदेखील शेअरच्या तारणावर, आणि काही वेळा केवळ सहीवर, कर्जे देऊ लागली. तिच्या कारभारावर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता, हे त्यांच्या चरित्रकारांना मान्य करावे लागले आहे. हा दोष झाकण्याचे कारण नाही. स्वतः कर्ज घेणारा आणि कर्ज मंजूर करणाऱ्यांवर वजन असणारा एकच असेल, तर जमा व नावे दोन्ही एकाच हाताने लिहिल्यासारखे होते.

९ एप्रिल १८६५ रोजी अमेरिकेत जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ती वार्ता मुंबईस पोहोचताच कापसाचे भाव कोसळले आणि त्यांच्यापाठोपाठ शेअरचे. सर्वांचे डोळे लागले होते १ जुलै १८६५ या दिवसाकडे. त्या दिवशी शेकडो वायद्यांची मुदत भरत होती. वायदा म्हणजे आज भाव ठरवावयाचा, माल व पैसा मात्र पुढील नेमल्या दिवशी द्यावयाचा. तेजीत वायदा करणाऱ्यांनी पैसा उभा करण्याचा विचारच केला नव्हता. मुदतीपूर्वी अधिक भावाने विकून मोकळे होऊ अशीच प्रत्येकाची समजूत होती. तो दिवस उजाडला तेव्हा घेणारे पैसे देऊ शकले नाहीत. ज्यांचे येणे बुडाले त्यांना आपले देणे फेडता येईना, आणि ही साखळी घराघरांतून पोहोचली. बँक ऑफ बॉम्बेचा २,८५० रुपयांपर्यंत गेलेला शेअर पुढे ८७ रुपयांना विकला गेला. १८६८ मध्ये ती बँक अवसायनात निघाली. अवसायन म्हणजे मालमत्ता विकून, धनकोंची देणी शक्य तितकी भागवून संस्था बंद करणे. बॅक बे कंपनीचीही तीच गत झाली. चर्चगेटपासून पुढे समुद्रालगत जाणारा लोहमार्ग ज्या जमिनीवर टाकला गेला, ती याच फसलेल्या उद्योगाची शिल्लक होय.

प्रेमचंदांचे सर्वस्व या प्रलयात गेले. आपली संपत्ती त्यांना धनकोंच्या स्वाधीन करावी लागली. ज्या गृहस्थाच्या नुसत्या शब्दावर लक्षावधींचे सौदे होत, तो पस्तिशीच्या आसपास रिकाम्या हाताने उभा राहिला. हजारो कुटुंबे उद्ध्वस्त झाली होती आणि त्यांतील अनेकांचा रोष त्यांच्यावर होता. तो सर्वस्वी अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. परंतु ते मुंबई सोडून गेले नाहीत. त्यांनी पुन्हा दलाली सुरू केली, म्हणजे जेथून आरंभ केला होता त्याच निर्धोक कामाकडे ते वळले, आणि हळूहळू पेढीचा जम पुन्हा बसविला. पूर्वीचे राजवैभव परतले नाही. मान मात्र परतला. पत या शब्दासाठी ताळेबंदात रकाना नसतो. भांडवल शून्य झाल्यावरही लोक ज्याच्या हाती व्यवहार सोपवितात, त्याच्याजवळ ती असते एवढेच म्हणता येईल.

भरभराटीच्या काळात त्यांनी जे दिले होते ते मात्र धनकोंच्या यादीत आले नाही, कारण ते त्यांचे उरलेच नव्हते. १८६४ साली त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख आणि नंतर मातोश्री राजाबाई यांच्या नावे मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याचे काम १८६९ मध्ये सुरू होऊन १८७८ च्या नोव्हेंबरमध्ये पूर्ण झाले. आराखडा इंग्लंडचे वास्तुशिल्पी सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, उंची २८० फूट. दात्याचे वैभव लयास गेल्यावर तेरा वर्षांनी त्याच्या आईचे नाव शहराच्या माथ्यावर उभे राहिले. राजाबाईंना दृष्टी नव्हती आणि सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळता यावा म्हणून त्यांना घड्याळाचे ठोके उपयोगी पडत, अशी कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

कलकत्ता विद्यापीठासही त्यांनी दोन लाख रुपये दिले आणि १८६६ मध्ये तेथे प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीची स्थापना झाली. अशा निधीत मुद्दलास हात लावायचा नसतो. केवळ व्याज खर्चावयाचे असते. संस्थेच्या हिशेबात कायम निधी आणि चालू उत्पन्न वेगळे ठेवण्याचे कारण हेच. ज्या विश्वस्तांनी वही हाताळली आहे त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. सर आशुतोष मुखर्जी आणि इतिहासकार जदुनाथ सरकार हे या शिष्यवृत्तीचे मानकरी होते.

दलालांचे व्यवहार पूर्वी टाऊन हॉलसमोरील वडाखाली चालत. १८६५ च्या अनुभवानंतर त्यांना नियमांची गरज पटली होती. ९ जुलै १८७५ रोजी दलालांची संघटना स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या कार्यात प्रेमचंदांचा मोठा वाटा होता. सभासद ३१८ आणि प्रवेश फी एक रुपया. हीच संस्था पुढे मुंबई शेअर बाजार म्हणून जगविख्यात झाली. सौदा पूर्ण करण्याची जबाबदारी सभासदावर टाकणारे जे नियम तेथे रूढ होत गेले, त्यांची आवश्यकता प्रेमचंदांहून अधिक कोणास ठाऊक असणार?

३१ ऑगस्ट १९०६ रोजी भायखळा येथील प्रेमोद्यान या आपल्या बंगल्यात त्यांनी देह ठेवला. त्या वेळी ते पंचाहत्तर वर्षांचे होते. पेढी पुढे पुत्रांनी चालविली.