जोडप्यांच्या मूक दुःखाचा सोबती : र. धों. कर्वे

पती-पत्नींत बेबनाव झाला, तर आज समुपदेशकाकडे जाता येते. कुटुंब न्यायालयांतही समुपदेशक असतात. शंभर वर्षांपूर्वी मात्र वऱ्हाडातील मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावर वसलेल्या बाळापूरसारख्या गावी एखाद्या तरुण जोडप्याने आपली अडचण सांगावी कोणाला? वडीलधाऱ्यांपुढे तो विषय काढणे अशक्य होते आणि वैद्य-डॉक्टरही त्यावर बोलण्यास बिचकत. समाजाने झाकून ठेवलेले हे प्रश्न मराठीत उघडपणे हाताळण्याचे धाडस केले ते गणिताच्या एका प्राध्यापकाने. त्यांचे नाव रघुनाथ धोंडो कर्वे.

१४ जानेवारी १८८२ रोजी जन्मलेले रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ज्येष्ठ पुत्र. ते नऊ वर्षांचे असताना, १८९१ मध्ये, आई राधाबाईंचे निधन झाले. १८९३ मध्ये वडिलांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि कुटुंबाला बहिष्कार सोसावा लागला. लोकापवादाची किंमत घरातच पाहिलेल्या या मुलाने पुढे त्याहूनही अवघड वाट धरली.

मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन महाविद्यालयातून १९०४ मध्ये पदवी घेऊन ते अध्यापनाकडे वळले. गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसलाही जाऊन आले. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगणाऱ्या स्त्रिया, गुप्तरोग आणि अज्ञानातून कुजणारे संसार यांचा विचार त्यांच्या मनात घर करून होता. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले होते. १९२३ मध्ये या विषयावरील त्यांचे मराठी पुस्तक आले. या प्रचारामुळे १९२५ मध्ये त्यांना विल्सन महाविद्यालयातील प्राध्यापकी सोडावी लागली. सुरक्षित पगाराची नोकरी गेली, पण काम थांबले नाही. पत्नी मालतीबाईंची त्यांना खंबीर साथ होती. स्वतःला अपत्य नको, हा निर्णयही या दांपत्याने विचारपूर्वक घेतला होता.

१५ जुलै १९२७ रोजी त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केले. त्यातील वाचकांच्या प्रश्नांचे सदर हे या मासिकाचे मर्म होते. ज्या शंका घरात उच्चारता येत नव्हत्या, त्या वाचक टपालाने कळवीत. रघुनाथराव त्यांना उपदेशाचे डोस न पाजता, शास्त्राच्या आधारे आणि रोखठोक भाषेत उत्तर देत. शारीरिक सुख हा स्त्रीचाही हक्क आहे, लैंगिक इच्छा हे पाप नव्हे आणि अपराधीपणाची भावनाच अनेकदा खरा रोग असतो, अशी त्यांची भूमिका होती.

समाजाला नेमके हेच मानवले नाही. १९३१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांना शंभर रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला उभा राहिला, तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरूनच. या वेळी त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लीलच ठरते, ही समजूत त्यांनी न्यायालयात खोडून काढण्याचा प्रयत्न केला. खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. तरीही मासिक चालूच राहिले.

विरोध केवळ सनातन्यांचा नव्हता. १९३५ च्या डिसेंबरात अमेरिकेतील संततिनियमनाच्या प्रचारक मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन महात्मा गांधींना भेटल्या. परंतु गांधीजींनी कृत्रिम साधनांऐवजी संयमाचाच पुरस्कार केला. लोकमानसावर एवढा प्रभाव असलेल्या नेत्याचे मत विरुद्ध असताना एका छोट्या मासिकाने उलट प्रवाहात पोहणे किती कठीण होते, हे यावरून ध्यानात येते.

१९४४ मध्ये मालतीबाई गेल्या. एकाकी रघुनाथराव मात्र लिहीत राहिले. १९५२ मध्ये भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या विचारापायी त्यांची नोकरी गेली, तोच आता सरकारी धोरण झाला होता. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, त्यांनी जगाचा निरोप घेतला आणि त्यांच्यामागोमाग मासिकही बंद पडले. २००१ मध्ये अमोल पालेकर यांच्या 'ध्यासपर्व' या चित्रपटाने त्यांचे आयुष्य नव्या पिढीसमोर आणले.

संततिनियमनाचा स्वीकार समाजाने केला. पण पती-पत्नींनी एकमेकांशी मोकळेपणाने बोलावे, हा त्यांचा आग्रह किती घरांनी मानला? समुपदेशकाच्या दारात पाऊल टाकताना आजही अनेकांना संकोच वाटतो. रघुनाथरावांचे काम पुरे झालेले नाही, याची खूण हा संकोचच देतो.