प्राध्यापक गोखले

राष्ट्रसभेचे अध्यक्ष, कायदेमंडळातील अभ्यासू वक्ते आणि महात्मा गांधींचे राजकीय गुरू म्हणून नामदार गोखले आपल्याला परिचित आहेत. त्यापूर्वी जवळजवळ दोन दशके ते शिक्षक होते, याचा उल्लेख मात्र बहुधा एका वाक्यात आटोपला जातो.

गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या गावी झाला. १८७९ साली वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले ८ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठवू लागले. १८८४ साली गोपाळराव मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. त्या काळी पदवीधर थोडे होते. सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा होता, आणि वकिलीसाठी कायद्याचा अभ्यासही त्यांनी आरंभला होता. अशा मुलाकडे घराने आशेने पाहावे, हे स्वाभाविकच होते. परंतु पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवता शिकवता, टिळक-आगरकरांच्या सहवासात, त्यांचा निश्चय झाला. १८८६ साली ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. दरमहा ७५ रुपये वेतनावर २० वर्षे अध्यापन करायचे, असे ते व्रत होते.

फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी इंग्रजी शिकवले, गणित शिकवले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकवले. ज्या विषयाला शिक्षक नसे, तो गोखल्यांकडे येई आणि स्वतः त्याचा नव्याने अभ्यास करूनच ते वर्गात पाऊल ठेवीत. नेमलेल्या पुस्तकांतील उतारेच्या उतारे त्यांना मुखोद्गत असत. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळांतून दीर्घकाळ चालले. महाविद्यालयाच्या इमारतीसाठी सुट्टीत गावोगाव हिंडून त्यांनी निधी जमवला. त्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. १८९६ साली गांधीजी त्यांना प्रथम भेटले, तेही याच महाविद्यालयाच्या आवारात.

१९०२ साली ते महाविद्यालयातून निवृत्त झाले. पुढे कलकत्त्यास वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांची आकडेवारीची तयारी पाहून सरकारी सभासदही सावध होत. ही सवय वर्गातलीच होती. १९०५ साली स्थापिलेल्या भारत सेवक समाजातही नव्या सदस्याला आधी ५ वर्षे शिकावे लागे.

१६ मार्च १९११ रोजी त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ६ ते १० वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे सक्तीचे करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना मिळावा, अशी त्यांची माफक मागणी होती. विधेयक फेटाळले जाणार, हे त्यांना ठाऊक होते. तरीही शिक्षकाने अवघड धडा पुन्हा समजावून सांगावा, तशा चिकाटीने त्यांनी एकेका आक्षेपाला उत्तर दिले. १९१२ साली १३ विरुद्ध ३८ मतांनी ते विधेयक पडले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या ४८ व्या वर्षी, पुण्यात गोखल्यांचे निधन झाले. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक बालकाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा देशात अमलात आला, तो १ एप्रिल २०१० रोजी.