पोथी शुद्ध करणारे एकनाथ

छापील पुस्तकाच्या हजार प्रती निघाल्या तरी त्यांतील मजकूर सर्वत्र सारखाच असतो. हस्तलिखित पोथीचे तसे नव्हते. एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी ती हातोहात उतरे आणि प्रत्येक हाताची चूक पुढच्या प्रतीत जाऊन बसे. आपल्या वडोदऱ्यात १९२७ साली स्थापन झालेल्या प्राच्यविद्या मंदिरात सयाजीराव महाराजांच्या काळापासून जमविलेल्या हजारो पोथ्या आहेत. त्यांच्या निमित्ताने आम्हांस नेहमी एका थोर पुरुषाची आठवण होते. ते म्हणजे पैठणचे संत एकनाथ.

नाथांचा जन्म सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात, भानुदासांच्या कुळात झाला. आईबापांचे छत्र लहानपणीच हरपले; आजोबा चक्रपाणी यांनी त्यांस वाढविले. पुढे देवगिरीस जनार्दनस्वामींच्या चरणी ते राहिले. स्वामी किल्ल्याचा कारभार पाहत असत आणि हिशेबाचे काम नाथांकडे होते. एकदा हिशेबात एका पैची चूक राहिली. ती शोधण्यासाठी नाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले, आणि सापडताच आनंदाने टाळी वाजविली, अशी कथा आहे. संतचरित्रांतील पुष्कळ चमत्कारांपेक्षा ही साधी गोष्ट आम्हांस अधिक मोलाची वाटते. नाथांच्या पुढील एका मोठ्या कार्याचे बीज तिच्यात दिसते.

ते कार्य ज्ञानेश्वरीचे. ज्ञानेश्वर महाराजांनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, नेवासे येथे गीतेवरील आपली टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सच्चिदानंदांच्या हातची प्रत आज उपलब्ध नाही. तिच्यावरून व तिच्या प्रतींवरून उतरलेल्या पोथ्या मात्र तीनशे वर्षे महाराष्ट्रभर फिरत राहिल्या.

पोथी उतरणे हे सोपे काम नव्हे. लाकडी फळीवर दोरे ताणून बसवीत. तिच्यावर कागद ठेवून बोटाने दाबला की ओळी उमटत. काजळी व डिंक घोटून शाई करीत, बोरूचे टोक तासून घेत. शब्दांत मोकळी जागा न सोडता अक्षरे सलग लिहिण्याची रीत असल्याने कोणता शब्द कोठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचे. चुकलेल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर पुन्हा लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार येथूनच आला. शेवटी पाठ वाकली, मान मोडली, डोळे शिणले, तेव्हा ही पोथी जपावी, आणि जसे पाहिले तसे लिहिले, दोष आम्हांस देऊ नये, अशी विनवणी लेखक करीत. बिचाऱ्यांचे खोटे नव्हते! दोन ओळींत एकच शब्द आला की नजर पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेई आणि मधली ओवी गळून जाई. जुना शब्द कळला नाही की त्याजागी चालू बोलीतला येई. कोणा भाविकाने समासात आपली ओवी लिहिली, तर पुढचा लेखक तिला ज्ञानेश्वरांचीच समजून मजकुरात घेई.

ही व्यथा केवळ आपलीच नव्हती. १४०० साली निवर्तलेल्या चॉसर या इंग्रज कवीने ॲडम नावाच्या आपल्या लेखकाला एका छोट्या कवितेत चांगलेच दटावले आहे. तिकडे पोथ्या जनावरांच्या कातड्यावर लिहीत. त्यामुळे चूक खरवडून काढावी लागे, आणि ते खरवडणे कवीच्याच वाट्याला आले होते.

नाथ त्या काळी स्वतः मोठे कवी होते. त्यांचे भागवत १५७३ साली काशीक्षेत्री पूर्ण झाले होते. आख्यायिका अशी की ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन अजानवृक्षाची मुळी कंठाला लागल्याचे सांगितले; नाथांनी आळंदीस जाऊन ती दूर केली आणि मग ग्रंथशोधन हाती घेतले. अशुद्ध प्रतींनी कवीचा कंठ कसा आवळला जातो, याचे याहून बोलके चित्र आम्हांस ठाऊक नाही.

नाथांनी पाठांची छाननी करून शके १५०६, म्हणजे १५८४ साली, भाद्रपदातील कपिलाषष्ठीस पैठण येथे शुद्ध प्रत सिद्ध केली. शेवटी त्यांनी स्पष्ट बजावले, की ग्रंथ मुळात शुद्धच होता, बिघाड पाठांत झाला होता. आणि जो कोणी यात आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेविली असे समजावे. आमच्या कोंकणी घरांत करवंटीची जागा न्हाणीच्या चुलीत असते, तेव्हा ही उपमा आम्हांस लगेच पटली! लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की हा नियम त्यांच्या स्वतःच्या प्रतिभेलाही लागू होता. ओवी ज्यांच्या लेखणीतून सहज स्रवे, त्यांना तीनशे वर्षांपूर्वीच्या कवीच्या ओळीत आपला शब्द न मिसळता थांबावयाचे होते.

नाथांच्या प्रतीनेही प्रश्न संपला नाही. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी नाथपूर्व म्हणून एक निराळी पोथी प्रसिद्ध केली, आणि मूळ शब्द कोणता याची चर्चा विद्वानांत रंगली. आपल्या प्राच्यविद्या मंदिरातही वाल्मीकिरामायणाच्या पोथ्या ओळीओळीने ताडून पाहण्याचे काम १९५१ पासून चालले, आणि त्या संशोधित आवृत्तीची सात कांडे १९७५ पर्यंत प्रसिद्ध झाली. साधने निराळी आणि माणसे अनेक, पण जात तीच, रात्रभर एक पै शोधण्याची.

अखेरच्या काळात नाथ स्वतः रामायण लिहीत होते. भावार्थरामायणातील युद्धकांडाचा ४४ वा अध्याय झाला आणि लेखणी थांबली. १५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीस गोदावरीकाठी त्यांनी देह ठेविला. त्या ग्रंथाचा उरलेला भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला.