मालवणचे ग्रंथप्रेमी ऋषी : डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर

गणेशचतुर्थीचा दुसरा दिवस म्हणजे ऋषिपंचमी. आपण कोकणातल्या बायका त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे धान्य न खाता ऋषीची भाजी करतो आणि सप्तर्षींचे स्मरण करतो. पण याच तिथीला, २४ ऑगस्ट १९२५ रोजी, आपल्या मालवणात जन्मलेले एक ऋषी पुण्यास देवाघरी गेले, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक असेल? पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात त्यांची पुण्यतिथी ऋषिपंचमीलाच पाळतात. आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे मला वाटले.

भगिनींनो, एवढ्या थोर पंडिताचे चरित्र सातवी शिकलेल्या बाईने लिहायचे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. त्यांच्या पांडित्याची पारख करणारे विद्वान पुष्कळ आहेत. मला त्यांच्या चरित्रातली एकच गोष्ट सांगावयाची आहे. पुस्तक मुळातून वाचावे, त्यावर स्वतःचे मत बनवावे, ते चारचौघांत उघड मांडावे आणि घरातही तसेच वागावे, हा त्यांचा बाणा होता. त्या बाण्याचा आपणा बायकांना काय उपयोग झाला ते पुढे येईलच.

रामकृष्णपंतांचा जन्म ६ जुलै १८३७ रोजी मालवणास झाला. तेव्हा मालवण रत्नागिरी जिल्ह्यात होते, सिंधुदुर्ग जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. वडील गोपाळराव मामलेदार कचेरीत कारकून होते. पगार बेताचा आणि नोकरी बदलीची. मालवण, राजापूर असे करीत हे कुटुंब रत्नागिरीस आले आणि १८४७ साली मुलगा तेथल्या इंग्रजी शाळेत बसला. वडिलांची बदली रत्नागिरीस झाली नसती तर हा हुशार मुलगा कदाचित कचेरीतच चिकटला असता. पुढे १८५३ साली तो मुंबईस एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. त्या काळी कोकणातून मुंबईस जायचे म्हणजे समुद्रातून प्रवास, पावसाळ्यात तर वाटच बंद! कॉलेजात दादाभाई नौरोजी गणित व सृष्टिशास्त्र शिकवीत. मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि आपले रामकृष्णपंतही होते.

नवल असे की, ज्या संस्कृताने त्यांचे नाव जगभर नेले ते त्यांनी इंग्रजी विद्या झाल्यावर मन लावून हाती घेतले. शिक्षणखात्याचे प्रमुख हॉवर्ड यांचे उत्तेजन मिळाले आणि जुन्या शास्त्र्यांजवळ बसून त्यांनी अभ्यास केला. शिकताना आपल्याला कोठे अडले हे ते विसरले नाहीत. म्हणूनच नव्या विद्यार्थ्याला सोपे जावे अशी दोन पुस्तके त्यांनी लिहिली, मार्गोपदेशिका आणि संस्कृतमंदिरान्तःप्रवेशिका. त्यांवर मुलांच्या कित्येक पिढ्या संस्कृत शिकल्या. पूर्वी जी विद्या मोजक्या घरांत होती, तिचे दार कोणाही शाळकरी मुलाला उघडले. स्वतःला कळलेले दुसऱ्याला कळावे ही तळमळ खऱ्या वाचकाला असतेच.

रत्नागिरीच्या हायस्कुलाचे हेडमास्तर, मग एल्फिन्स्टन कॉलेजात आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापक, असे ते चढत गेले. १८९३ साली निवृत्त झाल्यावर ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. या नोकरीच्या काळात सरकारने त्यांच्याकडे जुन्या हस्तलिखित पोथ्या शोधण्याचे काम दिले होते. आपल्याकडे पोथ्यांचे काय होते ते आपण पाहिलेच आहे. आजोबांच्या पोथ्या तांबड्या फडक्यात बांधून माळ्यावर ठेवतात, दर पावसाळ्यात कसर लागते आणि एके दिवशी कोणीतरी त्या नदीत सोडून येतो. रामकृष्णपंत अशा पोथ्यांच्या मागावर गुजरात, राजपुतान्यापर्यंत फिरले, पाटणच्या जैन भांडारांतले ग्रंथ त्यांनी पाहिले. नुसत्या पोथ्या गोळा करून ते थांबले नाहीत. कोणत्या ग्रंथात काय आहे, कर्ता कोण, काळ कोणता, त्याचे मोल किती, हे सारे त्यांनी अहवालांतून लिहून प्रसिद्ध केले. एका अर्थी हे पुस्तकांचे परिचयच होते! ज्यांना ती पोथी कधी दिसणार नव्हती त्यांनाही घरबसल्या तिची ओळख झाली.

त्यांची वाचण्याची रीत कशी होती याचे एक उदाहरण देते. पतंजली ऋषींचे महाभाष्य हा व्याकरणाचा ग्रंथ. तो केव्हा लिहिला गेला यावर विद्वानांचा वाद होता. रामकृष्णपंतांचे लक्ष ग्रंथातल्या एका लहानशा उदाहरणाकडे गेले. तेथे पुष्यमित्र राजाचा यज्ञ चालू असल्याचे वर्तमानकाळात सांगितले आहे. म्हणजे लिहिणारा त्या राजाच्याच वेळचा, अर्थात ख्रिस्तापूर्वी दुसऱ्या शतकातला. आपण जुन्या हिशेबाच्या वहीतला तांदळाचा भाव पाहून ती वही सासूबाईंच्या वेळची की आजेसासूबाईंच्या, हे ओळखतो, त्यातलाच हा प्रकार. हे मत त्यांनी १८७२ साली छापून प्रसिद्ध केले. जर्मनीतल्या वेबर नावाच्या मोठ्या पंडिताने त्यास हरकत घेतली, तर यांनी पुराव्यानिशी उत्तर दिले. वाद झाला तो कागदावर, सभ्यपणे. पुढे जर्मनीतल्याच गटिंगेन विद्यापीठाने त्यांना १८८५ साली डॉक्टर ही सन्मानाची पदवी दिली. दुसऱ्या वर्षी ते व्हिएन्ना येथील प्राच्यविद्यापरिषदेस जाऊन आले. समुद्रपर्यटन म्हणजे धर्म बुडाला असे मानणारे लोक तेव्हा घरोघरी होते, हे ध्यानात घ्यावे.

आता आपल्या जिव्हाळ्याची गोष्ट. १८९१ साली संमतिवयाचा कायदा आला. त्यापूर्वी दहा वर्षांच्या मुलीलाही पतीकडे पाठविण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, ती मर्यादा बारावर न्यावी एवढाच तो कायदा. आज बारा हे वय ऐकूनही अंगावर काटा येतो, पण तेव्हा तेवढ्यावरूनही महाराष्ट्र पेटला. मुलगी ऋतुमती होताच गर्भाधान झाले नाही तर शास्त्र मोडते, पाप लागते, असे विरोधकांचे म्हणणे. लोकमान्य टिळकांसारखे मोठे पुढारीही त्या कायद्याच्या विरुद्ध होते. अशा वेळी रामकृष्णपंतांनी स्मृतिग्रंथ पुन्हा काढले, वचनांशी वचने ताडून पाहिली आणि गर्भाधान पुढे ढकलल्याने शास्त्र मोडत नाही, असे आपले मत निबंध लिहून मांडले. धर्माच्या नावाने जे सांगितले जात होते त्याला त्यांनी धर्माच्याच ग्रंथांतून उत्तर दिले. त्या वर्षी मार्चमध्ये कायदा झाला. एका माणसाच्या वाचनावर कोवळ्या मुलींचे केवढे सुखदुःख अवलंबून असते पाहा!

आणि त्याच १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह करून दिला. सभेत पुनर्विवाहावर व्याख्यान देणारे त्या वेळी पुष्कळ होते. पण घरातली लेक पांढऱ्या कपाळाने बसलेली असताना लोक, जातभाई, आप्तेष्ट काय म्हणतील याला न भिता तिचे लग्न लावून देणारे थोडे. त्यापायी त्यांना जातीचा रोष सोसावा लागला. मला त्यांच्या साऱ्या पदव्यांहून हा प्रसंग मोठा वाटतो. मुलींना शिकविण्याच्या कामीही ते पुढे होते. पुण्यास १८८४ साली मुलींचे जे हायस्कूल निघाले, ज्याला आपण हुजूरपागा म्हणतो, त्याच्या संस्थापकांत रानडे, वामनराव मोडक यांच्याबरोबर हेही होते.

त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, शिष्यांनी व चाहत्यांनी पुण्यास त्यांच्या नावाची संस्था उभी केली. आयुष्यभर एकेक करून जमविलेली आपली पुस्तके त्यांनी त्या संस्थेस देऊन टाकली. आपण तर कोणी पुस्तक मागितले की आधी परतीचा वायदा करून घेतो! डेक्कन कॉलेजातला सरकारी पोथ्यांचा साठाही १९१८ साली तेथेच आला. १९१९ साली महाभारताची शुद्ध प्रत सिद्ध करण्याचे काम निघाले, त्याचा आरंभ रामकृष्णपंतांच्या हस्ते झाला. गावोगावच्या पोथ्या ओळीला ओळ लावून ताडण्याचे हे काम १९६६ साली पुरे झाले. २००४ साली जानेवारीत एका पुस्तकावरच्या रागातून या संस्थेवर हल्ला झाला, कपाटे फुटली, ग्रंथांची नासधूस झाली. वेबरांशी कागदावर वाद करणाऱ्या माणसाच्या नावाच्या वास्तूत असे व्हावे याचे वाईट वाटते. पुस्तक पटले नाही तर उत्तर लिहावे, हीच त्यांची रीत होती. सुदैवाने संस्था सावरली. तिच्याकडील ऋग्वेदाच्या ३० पोथ्यांची २००७ साली युनेस्कोने जागतिक ठेवा म्हणून नोंद केली.

रामकृष्णपंतांविषयी माझ्याही दोन तक्रारी आहेत, त्या न सांगितल्या तर त्यांच्याच शिकवणीला बाध येईल. इंग्रज सरकारविषयी ते फार मवाळ होते, १९११ साली त्यांना सर हा किताबही मिळाला. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्यांच्या कथा ऐकत वाढलेल्या माझ्यासारखीला ते रुचत नाही. दुसरे असे की दख्खनचा प्राचीन इतिहास, वैष्णव व शैव पंथांवरचा ग्रंथ, असे त्यांचे मोठे लेखन मुळात इंग्रजीत झाले. जगातल्या विद्वानांशी बोलायचे तर ते गरजेचे होते हे कळते, तरी मालवणच्या बाईला ते मुळातून वाचता येत नाही ही रुखरुख उरतेच. प्रार्थना समाजात त्यांनी मराठीत दिलेली प्रवचने मात्र पुस्तकरूपाने निघाली आहेत, आणि तुकोबांवरची त्यांची भक्ती त्यांत दिसते.

भगिनींनो, आपल्याला कोणी पंडित व्हायला सांगत नाही. पण व्रताची पोथी असो, कादंबरी असो की वर्तमानपत्र, दुसरी सांगते म्हणून मान डोलावण्यापेक्षा ते स्वतः वाचावे. पटले ते का पटले आणि खटकले ते का खटकले, हे मंडळात उठून सांगावे. मतभेद झाला तरी हळदीकुंकवाला एकमेकींकडे जावे. आणि जे पटले त्यातले थोडे तरी आपल्या लेकीसुनांच्या वाट्याला येऊ द्यावे. कारकुनाच्या घरी जन्मलेल्या मालवणच्या त्या मुलाने एवढेच केले, पण ते जन्मभर केले.