सर जमशेटजी जीजीभाई आणि त्यांचे पांजरपोळ



वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला आपल्यापैकी कितीतरी कुटुंबे जाऊन आली आहेत. माहीम सोडून वांद्र्यात शिरताना खाडीवरचा जो रस्ता लागतो, तो माहीम कॉजवे. हा रस्ता १८४५ साली सुरू झाला. त्याआधी खाडी होडीनेच पार करावी लागे. सरकार रस्त्यासाठी पैसे देईना, तेव्हा एका पारशी बाईंनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. त्यांचे नाव आवाबाई. मोतमाउलीच्या नवसाला जाताना खाडीने वाट अडवली म्हणून त्यांनी हा रस्ता करून दिला, अशी गोष्ट सांगतात. त्या नवसाचे खरेखोटे राहू द्या. रस्ता खरा आहे आणि आपण त्यावरून गेलो आहोत.

आज आम्हांला सांगायचे आहे ते आवाबाईंच्या यजमानांविषयी. त्यांचे नाव सर जमशेटजी जीजीभाई. मुंबईचे जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावाचे, तेच हे गृहस्थ. परंतु रुग्णालयाच्या आधी त्यांनी आणखी एक घर उभारण्यात पुढाकार घेतला होता. ते माणसांसाठी नव्हते, जनावरांसाठी होते.

हा विषय आताच का काढला, हेही सांगितले पाहिजे. गेल्या महिन्यात आपल्या चर्चच्या आवारात, मागच्या शेडजवळ, एक कुत्री व्याली. पाच पिल्ले झाली. त्यानंतर आमच्याकडे दोन प्रकारची माणसे येऊ लागली. काहींचे म्हणणे असे की धर्मशिक्षण वर्गाची मुले तिथेच खेळतात, म्हातारी माणसे पहाटेच्या मिस्साला एकटी येतात, तेव्हा सगळ्यांना गोणीत घालून शहराबाहेर सोडून द्यावे. दुसरे काही जण गुपचूप दूध-चपाती आणून ठेवतात आणि पहिल्यांशी बोलत नाहीत. दोघांनीही आम्हांलाच निवाडा मागितला. तयार उत्तर आमच्यापाशी नव्हते. मग जमशेटजींची आठवण झाली, कारण नेमक्या याच भांडणातून त्यांचे पांजरपोळ उभे राहिले.

जमशेटजींचा जन्म १७८३ सालचा. बालपण गुजरातेत नवसारीला गेले. घरची स्थिती बेताची. वयाच्या सोळाव्या वर्षीच आईवडिलांचे छत्र गेले आणि मुलगा मुंबईला मामांकडे आला. मामांचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा. त्यावरून त्यांना बाटलीवाला म्हणत. शिक्षण जेमतेम, पण हिशेबाची नजर तीक्ष्ण. पुढे याच मामांच्या मुलीशी, आवाबाईंशी, त्यांचा विवाह झाला.

व्यापारासाठी त्यांनी चीनच्या पाच सफरी केल्या. १८०५ सालच्या सफरीत त्यांचे जहाज फ्रेंचांच्या हाती सापडले. कैदी म्हणून ते थेट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोहोचले. माल गेला, जीव वाचला. हाती काही नसलेला हा तरुण हालअपेष्टा सोसून परत आला आणि पुन्हा उभा राहिला. त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. पुढे तो चीनच्या व्यापारातील मोठे प्रस्थ झाला आणि ही ओळख जमशेटजींना जन्मभर उपयोगी पडली.

त्यांच्या भागीदारांची नावे वाचण्यासारखी आहेत. मोतीचंद अमीचंद हे जैन, महंमद अली रोगे हे कोकणी मुसलमान, आणि रोजेरियो द फारिया हे गोव्याचे कॅथोलिक. पारशी, जैन, मुसलमान आणि ख्रिस्ती असे चौघे एका व्यवहारात होते. आजच्या दिवसांत हे वाचून आम्हांला बरे वाटले.

पैसा आला तसा तो बाहेरही जाऊ लागला. १८२२ साली जमशेटजींनी मुंबईच्या तुरुंगात कर्जापायी खितपत पडलेल्या गरिबांची कर्जे फेडून त्यांना सोडवले. आपण चार पैशांसाठी अडलेलो असताना कसे वाटते, हे ते विसरले नव्हते.

आता १८३२ सालाकडे येऊ. त्या काळी मुंबईत उन्हाळ्याच्या महिन्यांत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम असे. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. परंतु मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे पैसे मिळत. जिथे मरणाला भाव ठरतो तिथे विवेक राहत नाही. भटके कोणते आणि पाळलेले कोणते हे कोण पाहणार? कुत्री दारातून ओढून नेली जात, अशा तक्रारी होऊ लागल्या. त्या वर्षी ही मुदत आणखी वाढवण्यात आली. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. मृताच्या अंत्यविधीतही त्याला स्थान आहे. ६ जून १८३२ रोजी किल्ल्याच्या भागात पारशी जमावाने कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद राहिली. हिंदू, जैन आणि मुसलमानही बंदात उतरले. लष्कराला जाणारे अन्नपाणी अडवले गेले. शेवटी सैनिक बोलवावे लागले, धरपकड झाली, खटले चालले.

दंगल शमली, पण प्रश्न सुटला नव्हता. कुत्री रस्त्यावरच होती आणि लोकांची भीतीही तशीच होती. सरकारचा हुकूम म्हणजे उत्तर नव्हते आणि दगडफेक म्हणजेही उत्तर नव्हते.

दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी आणि त्यांचे जैन भागीदार मोतीचंद अमीचंद, म्हणजे प्रसिद्ध मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ सुरू झाले. भुलेश्वरच्या बाजूला, दाट वस्तीत, ते आजही आहे. भटकी कुत्री, लंगडे घोडे, थकलेले बैल, भाकड गाई, ज्यांचा कोणालाच उपयोग उरला नाही अशी जनावरे तिथे येऊ लागली. आपल्याकडे एखाद्या कचेरीत निरुपयोगी माणसे भरली की तिला पांजरपोळ म्हणून हिणवतात. शब्दाचा मूळ अर्थ मात्र हिणवण्याचा नाही. ज्याचा उपयोग संपला त्याचाही जगण्याचा हक्क संपत नाही, असे मानणारे ते घर आहे.

या कामात आम्हांला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी गोष्ट. त्यांनी केवळ एकदाच देणगी देऊन हात झटकले नाहीत. जनावर रोज खाते. म्हणून व्यापाऱ्यांनी आपल्या मालामागे ठराविक रक्कम पांजरपोळासाठी बाजूला काढण्याची पद्धत घातली. मालाची उलाढाल झाली की चाऱ्याचे पैसे आपोआप निघत. दया ही भावना आहे खरी, पण तिला छप्पर, चारा आणि हिशेबाची वही लागते. मराठवाड्याच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावण्यांत जनावरांजवळच मुक्काम ठोकलेले शेतकरी आपण पाहिले आहेत. आपल्यातील काही जण स्वतः त्यांत होते. रोजचा चारा आणि पाणी कुठून येणार, या एकाच प्रश्नावर छावणी चालते किंवा बंद पडते.

पुढे जमशेटजींनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये दिले; ते १८४५ साली सुरू झाले. पुण्यात मुळा-मुठेवरच्या बंधाऱ्याला आणि पाणीपुरवठ्याला त्यांनी मोठा हातभार लावला. मुंबईची कलाशाळाही त्यांच्याच देणगीतून १८५७ साली निघाली. १८४२ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. १८५९ साली त्यांचे निधन झाले.

इथेच थांबलो असतो तर चरित्र गोड झाले असते. परंतु पूर्ण झाले नसते. जमशेटजींच्या संपत्तीतील मोठा वाटा अफूचा होता. माळव्याची अफू मुंबईहून चीनला जाई. चीनच्या सम्राटाची तिला बंदी होती, तरी ती जात राहिली आणि तिने तिथली असंख्य घरे उद्ध्वस्त केली. त्यापायी इंग्लंडने चीनशी युद्ध केले. ते संपले १८४२ साली, म्हणजे जमशेटजी सर झाले त्याच वर्षी. त्यांचे कॅथोलिक भागीदारही याच व्यापारात होते, हे आपण लपवू नये.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा विचार शिकलो होतो. मुक्या प्राण्याशी क्रूर वागणारा हळूहळू माणसांशीही क्रूर वागू लागतो, म्हणून ते टाळावे, असा त्याचा आशय. तो पटण्यासारखा आहे. परंतु जमशेटजींच्या आयुष्याकडे पाहताना लक्षात येते की उलट बाजूने तसा भरवसा देता येत नाही. प्राण्यांवर दया करणारा सर्व माणसांवर दया करीलच असे नाही. दारातले कुत्रे डोळ्यांना दिसते. समुद्रापलीकडचा अफूबाज दिसत नाही. दयेची नजर जिथवर पोहोचते तिथवरच ती काम करते. म्हणून जमशेटजींना दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. आपल्या नजरेआड कोण आहे, हा प्रश्न आपल्यालाही आहे. चपाती आणून ठेवणाऱ्यांना पहाटे घाबरत येणारी म्हातारी दिसत नाही. गोणी आणायला निघालेल्यांना पिल्ले दिसत नाहीत.

पांजरपोळाची आणखी एक मर्यादा होती. तिथे आत येणारे पुष्कळ, बाहेर जाणारे जवळजवळ कोणीच नाही. जनावर मरेपर्यंत तिथेच राही. असे घर कितीही मोठे बांधले तरी भरते. पुढच्या पिढ्यांनी त्यात भर घातली. १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था निघाली. १८८३ साली सर दिनशा पेटिट यांच्या पत्नीच्या नावाने परळला बाई साकरबाई जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. आता जनावराला ठेवणेच नव्हे, तर बरे करणेही सुरू झाले. आपल्या काळात तिसरी पायरी आली. निवाऱ्यात आलेल्या कुत्र्याची नसबंदी करायची, लस टोचायची आणि शक्य असेल तर त्याला घर शोधून द्यायचे. दत्तक देणे म्हणतात ते हेच. निवारा चालतो तो भिंतींवर नाही, तर एकेक जनावर घरी नेणाऱ्या कुटुंबांवर.

१८३२ चे भांडण २०२५ साली पुन्हा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. ११ ऑगस्ट रोजी दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्ट रोजी तो बदलला. नसबंदी व लसीकरण करून कुत्री होती त्याच भागात सोडावीत. पिसाळलेली किंवा हल्ला करणारी मात्र सोडू नयेत. खाऊ घालण्यासाठी जागा ठरवून द्याव्यात. आणि कोणाला कुत्रे दत्तक घ्यायचे असल्यास महानगरपालिकेकडे अर्ज करावा, पण एकदा घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर सोडता कामा नये, असे न्यायालयाने सांगितले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणांची कुत्री हलवण्याचा आदेश आला. म्हणजे निवाऱ्यांची आणि दत्तक घेणाऱ्या घरांची गरज वाढलीच आहे.

आता आपल्या आवाराविषयी. धर्मग्राम मंडळाशी बोलून आम्ही असे ठरवले आहे. पिल्ले गोणीत घालून कुठेही सोडली जाणार नाहीत. दुसऱ्याच्या वस्तीत सोडणे म्हणजे आपली भीती त्यांच्या दारात टाकणे होय. त्यांचे दूध तुटले की आईची नसबंदी आणि लसीकरण करून घेऊ. तोवर मागच्या शेडला दार बसेल, म्हणजे मुलांचा खेळ आणि पिल्लांचा वावर वेगळा राहील. खाणे एकाच जागी, एकाच वेळी ठेवावे. मिस्साच्या वाटेवर कोणीही काही टाकू नये. धर्मशिक्षण वर्गात एक तास मुलांना कुत्र्याजवळ कसे वागावे हे सांगितले जाईल. चावा बसलाच तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावे. हळद, मिरची, मंत्र यांवर विसंबू नये.

पाचांपैकी दोन पिल्लांना आपल्याच धर्मग्रामातील घरे मिळाली आहेत. तीन उरली आहेत. ज्यांना न्यायचे असेल त्यांनी दुसऱ्या मिस्सानंतर कार्यालयात नाव द्यावे. मात्र घरातील सर्वांना विचारूनच या. मुलाने हट्ट केला म्हणून नेऊ नका. पिल्लू वर्षभरात मोठे होते आणि बारा-पंधरा वर्षे जगते. मुलगा तोवर कॉलेजात असेल आणि कुत्र्याला फिरवायला तुम्हीच जाल. दरवर्षी लस लागेल, गावाला जाताना कोणाकडे ठेवायचे हे ठरवावे लागेल. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी संकोच करू नये. जुनी गोणपाटे, वर्तमानपत्रे, उन्हाळ्यात दाराबाहेर पाण्याचे एक भांडे, महिन्याला ठराविक थोडी रक्कम, हेही चालेल. ती रक्कम ठराविक असावी. जमशेटजींच्या व्यापाऱ्यांनी मालामागे बाजूला काढलेली रक्कम तशीच होती.

कुत्र्यांना भिणाऱ्यांनीही येत्या रविवारी शेडपर्यंत एकदा यावे. आम्ही सोबत येऊ. लांबूनच पाहा. आणि चपाती आणणाऱ्यांनी त्या वेळी म्हाताऱ्या माणसांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत सोडावे, एवढीच विनंती.

आपला,
धर्मगुरू