मालकीण, व्यवस्थापक आणि पंचवीस वर्षांचा संसार

मक्केच्या व्यापारात हजरत खदिजा (रजि.) यांचे नाव मोठे होते. कुरैश कबिल्यातील ही विधवा स्वतः तांड्याबरोबर जात नसे. विश्वासू माणसांच्या हाती माल देऊन त्यांना मोबदला देत असे. एकदा शामकडे, म्हणजे सीरियाकडे जाणारा माल त्यांनी तरुण मुहम्मद (स.) यांच्याकडे सोपवला. सोबत आपला सेवक मैसरा दिला. नफा चांगला झाला, हिशेब चोख आला. पण मैसराने त्यांच्या वागणुकीबद्दल जे सांगितले, ते खदिजांच्या मनात राहिले.

नफीसा यांच्यामार्फत लग्नाचा पैगाम गेला, तोही मालकिणीकडून! आजही किती घरांत हे चालेल? मुहम्मद (स.) 25 वर्षांचे होते, खदिजा (रजि.) प्रचलित मतानुसार 40 वर्षांच्या. निकाह झाला.

पंधरा वर्षांनी, रमजानमध्ये, हिरा गुहेतून ते थरथरत घरी आले. खदिजांनी त्यांना पांघरूण घातले, धीर दिला आणि सर्वांत आधी त्यांच्यावर ईमान आणले. पुढे बहिष्काराची तीन वर्षेही सोबतीने सोसली. इ.स. 619 मध्ये, परंपरेनुसार 10 रमजानला, त्यांचे निधन झाले. त्या हयात असेपर्यंत पैगंबरांनी दुसरा निकाह केला नाही.

बद्रच्या लढाईत जावई अबुल आस कैद झाले. त्यांच्या सुटकेसाठी कन्या जैनब (रजि.) यांनी मक्केहून एक हार पाठवला. आईने लग्नात दिलेला. तो पाहताच पैगंबर गहिवरले. साथीदारांची संमती घेऊन त्यांनी जावयाला सोडले आणि हारही परत पाठवला.