विश्लेषण : मुंबईतला प्लेग आधी मांडवीतच का सापडला? तो ओळखणारे डॉ. व्हिएगास कोण होते?

धोबीतलावला मेट्रो सिनेमाजवळ ज्यांचा पुतळा आहे, ते डॉ. अकासिओ व्हिएगास मूळचे गोव्यातल्या हडफडे गावचे. जन्म १ एप्रिल १८५६. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८८० मध्ये ते डॉक्टर झाले. १८८८ पासून ते पालिकेत नगरसेवकही होते. दवाखाना मात्र त्यांनी मांडवीत टाकला.

मांडवी गोदीला लागून. खाली धान्याची गोदामं, वर माणसांनी खच्चून भरलेल्या खोल्या, मध्ये तुंबलेली गटारं. उंदरांची चंगळच. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथल्या रुग्णांत तीव्र ताप आणि जांघेत गाठ दिसू लागली. २३ सप्टेंबरला व्हिएगास यांनी स्थायी समितीत हा गाठीचा प्लेग असल्याचं सांगितलं. बंदरावर जगणाऱ्या शहराला हे ऐकणं परवडणारं नव्हतं, तरी ते बोलले.

उंदरावरची पिसू रोग पसरवते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये दाखवलं. तोवर सारी लढाई घाणीशी आणि दुर्गंधीशी होती.

शहर सोडून पळाले सगळेच, श्रीमंत आणि गिरणी कामगारही. फरक इतकाच की कामगाराची मजुरी बुडाली. मागे राहिलेल्या चाळकऱ्यांच्या घरांची झडती झाली, रुग्णांना जबरदस्तीनं इस्पितळात नेलं गेलं, खोल्यांवर राहण्यास अयोग्य असल्याची खूण पडली. याच रागातून २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणी कामगारांच्या जमावानं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. तो नुसता अडाणीपणा होता, असं म्हणणं सोपं आहे, पण अन्यायाचं.

हाफकिन यांची लस आल्यावर व्हिएगास यांनी स्वतःच्या हातानं सुमारे १८ हजार जणांना ती टोचल्याचं सांगितलं जातं. १९०६ मध्ये ते पालिकेचे अध्यक्ष झाले.

दाट वस्ती हेच दुखणं आहे, हे सरकारनंही मानलं. १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं रुंद रस्ते काढले, चाळीही बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बरीच वर्षं राहिले. पण घरं पाडली जास्त, बांधली कमी. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत जाऊन आणखी दाटीनं राहू लागली.

व्हिएगास १९३३ मध्ये गेले. ट्रस्ट पालिकेत विलीन करण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला.